दुसरी रेघ

चमचा थोरलीने आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहिला होता. गेले तीन आठवडे ती रोज असंच करत आली होती. आधी आपला ओठ, मग धाकटीचा. सूप बेताचं गरम लागलं म्हणून तिने चमचा पुढे केला आणि धाकटीने झटकन मान मागे घेतली. "ताई, चटका बसला," ती म्हणाली. तक्रार केली असंही नाही, खिडकी उघडी राहिलीय हे सांगावं तसं म्हणाली. तिच्या खालच्या ओठावर, जिथे नवी कातडी आत्ता कुठे धरत होती, तिथे लाल ठिपका आला. थोरलीने चमचा खाली ठेवला आणि आपलं बोट सरळ वाटीत बुडवलं. काही नाही. वाफ वर येत होती, ती तिला दिसत होती, म्हणजे डोळे शाबूत होते. बोट लाल झालं, तेही दिसलं. पण बोटाकडून वर काही निरोप येईना. तिने ते फडक्याला पुसलं, "थांब, निवू दे जरा," असं म्हणाली आणि वाटीवर फुंकर घालत बसली. फुंकर घालता घालता तिच्या मनात आलं, की आपण हेही चुकीचं मोजलं. आलं तसं ते गेलं. त्याने तिला काही टोचलं नाही.

घरचे तिला खंबीर म्हणत होते. अपघात झाल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. झोप लागत होती, भूक लागत होती. दोन्ही मजल्यांचा स्वयंपाक, धाकटीचं अंग पुसणं, तिचे केस विंचरणं, औषधांच्या वेळा, सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "हिच्यामुळे घर उभं आहे." दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, सकाळी कामावर जाताना तिच्यासमोर येऊन उभा राहायचा, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडायचा, आणि ते जमत नाही म्हणून दाराची कडी उगाच हलवून बघून निघून जायचा. थोरली हे ऐकत होती, पाहत होती. खंबीर कसली डोंबलाची, बधीर होती. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतो आणि मग अर्धा गाल आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. जेवणात मीठ कमी पडलंय हे तिला कळायचं, पण ते शेजारी बसलेल्या दुसऱ्याच कुणाला तरी कळलंय आणि त्याने आपल्याला सांगितलंय, असं काहीतरी.

दोघी जावा एकाच घरात वरखाली राहायच्या आणि एकाच शेडमध्ये काम करायच्या. शहराच्या कडेला, ट्रक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांच्या रांगेत ती पत्र्याची शेड होती. तिथे वापरून झालेले बॅटरीचे पॅक यायचे. सायकलींचे, स्कूटरचे, लॅपटॉपचे, सुतारांच्या ड्रिलचे. ते आले की पहिल्यांदा टोकांना चिकटपट्टी मारायची, कारण उघडी टोकं एकमेकांना भिडली की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. फुगलेले असतील ते बाहेर वाळूच्या पिंपात. ज्यांच्यात अजून जीव आहे ते बल्बांच्या फळीवर. ही एक लांब लाकडी फळी होती, तिच्यावर बल्बांच्या ओळी. पॅक जोडला की बल्ब लख्ख पेटायचे आणि तासा दोन तासांनी पिवळे, मग तांबूस होत विझायचे. विझले की पॅक रिकामा झाला. आणि रिकामे ते उघडण्याच्या टेबलावर. तिथे छिन्नीने कवच आणि आतल्या पट्ट्या तोडून बोटाएवढ्या नळकांड्या सुट्या करायच्या, त्या मोठ्या कारखान्यात जायच्या, आणि तिथे त्यांच्यातला धातू पुन्हा कामाला यायचा. कोण जिवंत आणि कोण रिकामा हे ठरवायचं मोजण्याच्या टेबलावर. तिथे गेली अकरा वर्षं थोरली बसत होती.

शेडमध्ये तिला मीटरबाई म्हणायचे. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला. घरीसुद्धा ती मीटरबाईच होती. उशीखाली फोन ठेवून कुणी झोपलं तर ती उशीच ओढून घ्यायची. चार्जरला लावून घराबाहेर पडायचं नाही, फुगलेला फोन 'अजून चालतोय की' म्हणून वापरायचा नाही, भलत्याच कंपनीचा चार्जर लावायचा नाही. नवरा आपल्या ड्रिलची बॅटरी लाकडी खोक्यावर ठेवून चार्ज करायचा, तर तिने त्याखाली फरशीचा तुकडा आणून ठेवला आणि तो हलवला म्हणून दोन दिवस अबोला धरला. "एवढं काय होतंय," असं तो म्हणाला की ती म्हणायची, "होतं तेव्हा विचारायला कुणी उरत नाही." धाकटी खालून जिन्यातूनच तिची नक्कल करायची, हुबेहूब, आवाजसुद्धा तसाच जाडसर काढून, आणि मग दोघी हसायच्या. आता हे सगळं आठवलं तरी थोरलीला कुणा दुसऱ्याच बाईची हकीकत ऐकल्यासारखं होत होतं. बाई शहाणी दिसतेय, एवढंच तिला वाटायचं.

तिला हे काम शिकवलं ते जुन्या मिस्त्रींनी. त्यांची डावी भुवई जळून गेलेली होती आणि ती परत उगवली नव्हती. चेहऱ्याला त्यामुळे सदा एक शंका चिकटलेली असायची. मिस्त्रींनी तिला फुली शिकवली. भाड्याच्या स्कूटरच्या पॅकची एक खोड असते. स्कूटरमध्ये बसवल्याशिवाय ते टोकाशी वीज सोडतच नाहीत. आतलं सर्किट दार लावून बसतं. बाहेरून मीटर लावावा तर शून्य, आणि आत पॅक काठोकाठ भरलेला. म्हणून दोनदा मोजायचं. टोकाशी शून्य आलं की खडूने पॅकवर एक तिरपी रेघ मारायची. मग चार स्क्रू काढून बारकं झाकण उघडायचं, सर्किटच्या आतल्या बाजूच्या बारीक तारांवर मीटरच्या सुया टेकवायच्या, आणि तिथेही काही नसेल तरच पहिल्या रेघेवर दुसरी रेघ मारायची. मग ती फुली होते. मिस्त्री म्हणायचे, "पहिली रेघ तुझी. दुसरी रेघ उघडणाऱ्याची. ती तू त्याच्यासाठी मारतेस." थोरलीने ते कितीतरी नव्या बायकांना जसंच्या तसं शिकवलं होतं, डाव्या भुवईवर बोट ठेवून, मिस्त्रींचीच नक्कल करत.

फुली असलेला पॅक उघडणारे वेगळ्या तऱ्हेने हाताळायचे. जाड रबरी हातमोजे काढून ठेवायचे, कारण त्या मोज्यांत बारीक स्क्रू धरता येत नाही, आणि नुसते कापडी घालायचे. तोंडावरची काच वर सरकवायचे, तिच्यावर वाफ धरते म्हणून. नियमात हे बसत नव्हतं, पण शेडमध्ये सगळे तसंच करायचे आणि सुपरवायझर त्याकडे कानाडोळा करायचा. फुली आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला. आणि ती मीटरबाईंची फुली असेल तर मग बोलायलाच नको. धाकटीला तर थोरलीनेच या कामावर आणलं होतं. आधी ती एका कपड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या घालत बसायची आणि घरी येऊन म्हणायची, "ताई, मला काहीतरी फोडायचं काम द्या, जोडायचं नको." ती टेबलावर बसली आणि चार महिन्यांत शेडमधला सगळ्यात चांगला हात तिचा झाला. पट्टी तोडताना एक नळकांडी कधी चेपली नाही. काम करताना ती गुणगुणायची, आणि थोरली पलीकडच्या टेबलावर पाठ करून मोजत असली तरी त्या गुणगुणण्यावरून तिला कळायचं की कवच निघालं, आता पट्ट्या, आता झालं.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या भाड्याच्या स्कूटर कंपनीचा माल आला. शेहेचाळीस पॅक, सगळे एकाच घडणीचे, काळे, एकेक सात किलोचा. थोरलीने पहिले नऊ नीट मोजले. बाहेर शून्य, झाकण उघडून आत, तर आतही नावापुरतं. नऊच्या नऊ तसेच. कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं, गोदामात पडून पडून उतरले असणार, यात न पटण्यासारखं काय होतं. पाय दुखत होते. झाकणाचे स्क्रू गंजलेले होते, एकेकाला पाच मिनिटं खात होते. आणि पलीकडून धाकटी म्हणाली होती, "ताई, टेबल रिकामं पडलंय. पुढचे द्या की, का पॅकशी गप्पा मारताय?" हे वाक्य थोरलीने गेल्या तीन आठवड्यांत शंभरदा तरी काढून पाहिलं होतं. घाई तिनेच केली, मी नाही. पण त्या वाक्यातही काही दम नव्हता. धाकटी रोजच असं म्हणायची आणि रोजच थोरली तिला "बस जरा गप" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. दहाव्या पॅकला तिने टोकाशी सुया टेकवल्या, शून्य पाहिलं, एक रेघ मारली, आणि हात उचलायच्या ऐवजी तसाच वळवून दुसरी मारली. एका दमात फुली. किती सोपं होतं. मग अकरावा, बारावा. वहीत 'बाहेर शून्य, आत शून्य' असं सुवाच्य अक्षरात. अर्ध्या तासात सदतीस पॅक उरकले आणि ती चहा प्यायला उठली. चहा चांगला झाला होता, हेही तिच्या लक्षात होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. लोकांना वाटतं धडाका होत असेल. पत्र्यावर बादलीभर खडी ओतावी तसा एक आवाज, मग सुसाट फुसफुस, आणि धाकटीचं गुणगुणणं मध्येच थांबलं. थोरली वळली तोवर टेबलावर पांढरा धूर होता आणि धुरात धाकटी स्वतःच्या हातांकडे पाहत उभी होती, ओरडत नव्हती. कुणीतरी वाळू ओतली, कुणीतरी तिला ओढलं. थोरलीने तिला नळाखाली बसवलं, पाणी चालू ठेवलं, कापडी मोजा कातडीला चिकटलेला होता तो ओढू दिला नाही, गाडी बोलावली. सगळं शिकवल्यासारखं बरोबर. तेव्हाच कधीतरी ते जाणवणं अंगातून निघून गेलं असावं. पॅक जळून कोळसा झाला, त्याच्यावरची फुलीही. तपासणीला एक बाई आल्या, त्यांनी वही पाहिली, 'आत शून्य' वाचलं, मान डोलावली. मग इस्पितळात जाऊन धाकटीला विचारलं, तर धाकटी म्हणाली, "छिन्नी निसटली असणार माझी. नळकांडीत घुसली असणार. मीटरबाईंची फुली होती, तेव्हा दुसरं काय असणार." तसंच त्यांनी लिहून घेतलं. उघडणारीचा निष्काळजीपणा. हात बरे झाल्यावर तिला पॅकिंगला घेऊ, असं सुपरवायझर म्हणाला. टेबलावर मात्र परत नाही. थोरली तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने तोंडातून ब्र काढला नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत तीन आठवडे गेले, आणि रोज एक दिवस वाढला की सांगणं आणखी अवघड होत गेलं, आणि तिला ते अवघड आहे हेसुद्धा नुसतं माहीत होतं, वाटत नव्हतं.

धाकटीला मात्र चैन नव्हतं. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, डाव्या जबड्यावर मलम, आणि दिवसभर छताकडे पाहत ती तो एक क्षण उकरत बसायची. "माझा हात कसा होता हो ताई तेव्हा? उभा होता का? मला आठवतच नाही. पट्टीवर छिन्नी ठेवली, इथपर्यंत आठवतं." थोरली म्हणायची, "नको विचार करूस." कधी धाकटी म्हणायची, "तुमचं नाव खराब केलं मी. तुम्ही मला आणलंत तिथे." आणि थोरली तिच्या केसांतून कंगवा फिरवत राहायची, गुंता हळूच सोडवत, एकही केस न ओढता.

आता सूप निवलं होतं. या वेळी थोरलीने स्वतःच्या ओठाला लावलं नाही; वाटीच्या काठावर थर्मामीटर असता तर बरं झालं असतं असं काहीतरी तिच्या मनात आलं. धाकटीने चार चमचे घेतले आणि पाचव्याला मान हलवली.

"टेबल बंद होतं ते आज परत सुरू होणार ना?"

"हो. तपासणीवाल्या बाईंनी सही दिली. अकराला सुरू होईल."

"तुम्ही?"

"मी उद्यापासून."

"नवी कोण बसतेय?"

"पॅकिंगमधली. ती उंच, चष्मेवाली."

"चांगला हात आहे तिचा," धाकटी म्हणाली. "ताई, तिला माझा एक निरोप द्याल? छिन्नी आडवी धर म्हणावं. माझी उभी झाली असणार, तशीच निसटते. मी रोज आडवी धरायची, पण त्या दिवशी काय झालं देव जाणे. माझ्यावरून तरी शहाणी होऊ दे ती. एवढं सांगाच. मला तेवढंच बरं वाटेल."

थोरली वाटी घेऊन उठली होती. ती तशीच परत बसली. तिने काही ठरवलं असं नाही. ठरवायचं असतं तर तिने आणखी तीन आठवडे ठरवलं असतं. पण हा निरोप आपण आपल्या तोंडाने नेऊन त्या चष्मेवालीला द्यायचा, डाव्या भुवईवर बोट ठेवून, शिकवल्यासारखा, हे तिला दिसलं, आणि ते काही केल्या पुढे सरकेना.

"छिन्नी निसटली नव्हती," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही पाठमोऱ्या होतात."

"त्या पॅकवरची दुसरी रेघ मी न मोजता मारली होती. झाकण उघडलंच नव्हतं. आत भरलेला होता तो."

आवाज सरळ निघाला, वहीतल्या अक्षरासारखा. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. थोरली वाट पाहत होती. आता ही ओरडेल, शिव्या देईल, रडेल, आणि मग आपल्यालाही काहीतरी होईल. धाकटी आपल्या पट्ट्यांकडे पाहत होती, एकदा उजव्या, एकदा डाव्या. तिच्या चेहऱ्यावर अर्धवट मलम होतं, त्यामुळे तिथे काय चाललंय ते नीट कळत नव्हतं. मग तिने वर पाहिलं आणि विचारलं,

"तो एकच?"

"काय?"

"तसा तो एकच होता का? माल सगळा एकाच कंपनीचा होता ना त्या दिवशी. किती पॅकवर मारलीत तशी?"

थोरलीने तोंड उघडलं. उत्तर तिला माहीत होतं, आकडा जिभेवर होता, आणि तरी तिला असं वाटलं की हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. तीन आठवडे ती एकाच पॅकभोवती फिरत होती. जळून गेलेल्या, ज्याचं आता काहीच होणार नव्हतं त्या एका पॅकभोवती. सांगू की नको, कसं सांगू, सांगितलं तर काय. बाकीचे तिच्या डोक्यात आलेच नव्हते. टेबलाला लाल पट्टी लावून ते बंद केलं होतं, आणि टेबलामागच्या रॅकवर ते ओळीने होते, तिच्या खडूने फुली मारलेले.

"सदतीस," ती म्हणाली.

"त्यातले दोन मी घेतले. दहावा, तो रिकामाच निघाला, आणि हा." धाकटी शाळेत उत्तर द्यावं तसं सावकाश म्हणाली. "म्हणजे रॅकवर पस्तीस आहेत. किती वाजले, ताई?"

भिंतीवरच्या घड्याळात अकराला सात मिनिटं होती.

थोरलीने सुपरवायझरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेडमध्ये फोन आत न्यायला बंदी होती, सगळे बाहेरच्या कपाटात कुलपात ठेवायचे. हा नियम मात्र सगळे पाळत. तिसऱ्यांदा लावताना तिची बोटं भलत्याच ठिकाणी पडू लागली. "फोन ठेवा. जा," धाकटी म्हणाली. थोरली उठली, चप्पल शोधू लागली, चप्पल पायातच होती. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून धाकटी बोलली, आवाज न चढवता, अहो-जाहो न सोडता.

"आणि संध्याकाळी मला भरवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

शेड चालत अर्ध्या तासावर होती. थोरली पंचेचाळीस वर्षांची, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई, ती पळाली. लोक वळून पाहत होते, एका दुकानदाराने "काय झालं?" असं विचारलंही, तिने उत्तर दिलं नाही. पहिल्या चौकात सिग्नल लाल होता आणि समोरून बस येत होती, आणि तिथे उभं राहिल्याबरोबर ते आलं. भीती. बोट भाजल्याचं त्याच वेळी कळलं. चांगलं ठणकत होतं. पाठोपाठ बाकीचंही सगळं आलं, एकदम, कुणी रांगेत उभं न राहता: धुरातली धाकटी, तिचे हात, ती म्हणालेली 'तुमचं नाव खराब केलं मी'. थोरली चौकात उभी राहून हमसून हमसून रडली आणि सिग्नल सुटल्याबरोबर रडतच पुन्हा पळत सुटली. धाकटीचा एक हात पुन्हा कधी मुठीत वळणार नव्हता, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते तिने तेव्हा ऐकलं होतं आणि औषधाच्या वेळा लिहून घेतल्या होत्या.

शेडच्या दारात लाल पट्टी गुंडाळून टाकलेली पडली होती. आत नवी टेबलावर बसली होती. तिच्या डाव्या बाजूच्या ताटात सुट्या नळकांड्यांचे दोन ढीग होते, म्हणजे दोन पॅक तिचे उघडूनही झाले होते, आणि नशिबाने ते रिकामे निघाले होते. तिसरा तिच्यापुढे होता. कवच निघालं होतं. काच कपाळावर सरकवलेली, हातात कापडी मोजे, छिन्नी पट्टीवर टेकवलेली.

"उचल ती छिन्नी," थोरली म्हणाली. श्वास लागल्यामुळे आवाज निघाला नाही. तिने पुढे होऊन नवीचं मनगट धरलं. "उचल. हळू. वर घे."

नवीने घाबरून छिन्नी वर घेतली. सुपरवायझर पलीकडून आला. "मीटरबाई? तुमची तर आज सुट्टी आहे. काय झालं, धाकटी बरी आहे ना?"

"यावर फुली आहे हो," नवी म्हणाली आणि बाजूला ठेवलेलं कवच वळवून दाखवलं. पांढरी फुली, रेखीव.

"माझीच आहे. खोटी आहे. आत मोजलेलं नाही."

"वहीत आत शून्य आहे," सुपरवायझर म्हणाला.

"लिहिलंय तसं. मोजलेलं नाही. त्या रॅकवरच्या एकाही पॅकवर मोजलेलं नाही. आणि धाकटीची छिन्नी निसटली नव्हती, तेही लिहून घ्या. बाईंना परत बोलवा, मी त्यांच्यासमोर सांगते."

सुपरवायझर तिच्याकडे पाहत राहिला. पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. थोरलीने मीटर ओढून घेतला, पॅकच्या कडेच्या बारीक तारा शोधल्या आणि सुया टेकवल्या. सुया दोनदा निसटल्या, तिसऱ्यांदा लागल्या. आकडा क्षणभर नाचला आणि थांबला.

"एकावन्न व्होल्ट," नवीने वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी अगदी हळू. तिने छिन्नी टेबलाच्या दूरच्या टोकाला ठेवली, कापडी मोजे एकेक बोट सोडवत काढले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. ताटातल्या दोन ढिगांकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता.

"मीटरबाई," ती म्हणाली, "मग मी आता कुणाच्या फुलीवर उघडायचं?"

थोरली रॅककडे गेली, पुढचा पॅक दोन्ही हातांनी उचलून आणला, आणि मीटरच्या सुया व खडू नवीच्या हातात दिला. "तू मोज. मी धरते." नवीने झाकणाचे स्क्रू काढले, वेळ लावून, एकेक. मग सुया घेऊन वाकली, पण थोरलीने धरलेला पॅक हलत होता आणि तारेवर सुई ठरेना.

"नीट धरा ना," नवी म्हणाली.

थोरलीने पॅक छातीशी घट्ट धरला, आणि नवीने मोजायला सुरुवात केली.